विमानाच्या गोष्टीपलीकडचे गॅरी किल्डॉल

काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे आणि लुकलुकणारा कर्सर. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा संगणक आता ब्राउझरच्या एका टॅबमध्ये सुरू होतो. काही विकत घ्यावे लागत नाही की जुने यंत्र शोधत जुन्या बाजारात फिरावे लागत नाही. फ्रान्सचे प्रोग्रामर फॅब्रिस बेलार यांनी २०११ मध्ये ब्राउझरच्या आत संपूर्ण लिनक्स चालवून दाखवले. त्यानंतर डॉस, जुन्या विंडोज आणि त्याहून जुन्या कितीतरी प्रणाली अशा रीतीने पुन्हा जिवंत झाल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासला जाऊन डॉस, वर्डस्टार आणि डीबेसचे धडे गिरवले, त्यांना ती पाटी पुन्हा दिसली की क्षणभर विशीत परतल्यासारखे वाटते.

त्या आठवणींच्या मुळाशी एक माणूस आहे. फाइलींची यादी पाहण्यासाठी 'डीआयआर' टाइप करणे, फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि पुढे टिंब देऊन तीन अक्षरांचे ठेवणे, डिस्कला 'ए', 'बी' अशी नावे देणे या सवयी डॉसने एका आधीच्या प्रणालीकडून घेतल्या. तिचे नाव सीपी/एम आणि तिचे कर्ते गॅरी किल्डॉल. त्यांच्याविषयी बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते. आयबीएमचे लोक दाराशी आले तेव्हा हे गृहस्थ विमान उडवायला गेले होते आणि त्यामुळे अब्जावधींची संधी गेली, अशी ती गोष्ट. एवढ्या एका दिवसात हे आयुष्य मावत नाही.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात झाला. घराण्याची नौकानयन शिकवणारी शाळा होती. गणिताचे शिक्षक व्हावे म्हणून ते वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले आणि तिथे संगणकाच्या नादी लागले. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, सक्तीची लष्करी सेवा चुकणार नव्हती. ती त्यांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवून पूर्ण केली. पुढे १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातूनच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रोग्राम आपोआप अधिक वेगवान कसा करावा, यावरील त्यांचा १९७३ चा शोधनिबंध कंपायलर या विषयाच्या अभ्यासात आजही शिकवला जातो. म्हणजे उद्योजक होण्याआधी ते पक्के प्राध्यापक होते, आणि स्वभावाने शेवटपर्यंत तसेच राहिले.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. खोलीभर यंत्राचे काम नखाएवढी चिप करू शकेल, ही कल्पना तेव्हा अनेकांना पोरखेळ वाटली. किल्डॉल यांना ती वाटली नाही. अडचण अशी की नुसती चिप हाती येऊन उपयोग नव्हता. तिला स्मृती, कळफलक, पडदा काहीच नव्हते. मग त्यांनी विद्यालयातल्या मोठ्या संगणकावर एक असा प्रोग्राम लिहिला, जो त्या छोट्या चिपची हुबेहूब नक्कल करी. चिपसाठी लिहिलेले प्रोग्राम त्या नकलेवर चालवून तपासता येत. पुढे त्यांनी इंटेलसाठी ८००८ आणि ८०८० या चिपचीही अशीच सोंगे तयार केली. आज यालाच आपण एम्युलेटर म्हणतो.

नक्कल म्हणजे नेमके काय? प्रोसेसर अगदी साधी कामे करतो. स्मृतीतून एक सूचना उचलायची, तिचा अर्थ लावायचा, सांगितलेली बेरीज, तुलना किंवा हलवाहलव करायची आणि पुढच्या सूचनेकडे वळायचे. एम्युलेटर हेच चक्र सॉफ्टवेअरमध्ये फिरवतो. चिपच्या आतल्या नोंदकप्प्यांच्या जागी त्याच्याकडे काही आकडे असतात आणि स्मृतीच्या जागी आकड्यांची एक लांबलचक यादी. जुन्या प्रोग्रामला आपण खऱ्या यंत्रात नाही, हे कळत नाही. ८०८० चिपचे घड्याळ सेकंदाला २० लाख ठोके देत असे. आजच्या साध्या फोनचे घड्याळ सेकंदाला अब्जाहून जास्त ठोके देते. त्यामुळे जुन्या एका सूचनेसाठी नव्या यंत्राने पंचवीस-पन्नास सूचना खर्च केल्या तरी वेळ उरतो. जुन्या खेळांतली पात्रे पळत सुटू नयेत म्हणून कित्येक एम्युलेटरना मुद्दाम रेंगाळावे लागते.

इंटेलचे सल्लागार असताना किल्डॉल यांनी १९७३ मध्ये पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठीची ही पहिली उच्चस्तरीय संगणकभाषा. त्याच सुमारास त्यांना शुगार्ट कंपनीकडून एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. कागदी फितीला भोके पाडून प्रोग्राम साठवण्याच्या त्या काळात फ्लॉपी ही चैनच होती, कारण हवी ती माहिती क्षणात उचलता येई. मात्र ड्राइव्ह चालवणारे सर्किट त्यांना जमेना. ड्राइव्ह बराच काळ तसाच पडून होता. अखेर त्यांचे मित्र जॉन टोरोडे यांनी ते सर्किट बांधले. फ्लॉपीवरच्या फाइलींचा कारभार पाहणारे सॉफ्टवेअर किल्डॉल यांनी लिहिले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावात ही जोडगोळी पहिल्यांदा चालली. सीपी/एमचा जन्म तो.

इंटेलने पीएल/एम ठेवून घेतली, पण सीपी/एम विकण्यात तिला रस नव्हता. तेव्हा किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी मॅकइवेन यांनी घरातूनच कंपनी सुरू केली. आधीचे नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे थेट आकाशगंगांपर्यंत झेप. पुढे ते डिजिटल रिसर्च एवढेच उरले. मासिकांत जाहिरात द्यायची, टपालाने फ्लॉपी पाठवायची, किंमत ७० डॉलर. व्यवहाराची बाजू डोरोथी पाहत.

किल्डॉल यांचे सर्वांत मोठे काम याच वळणावर झाले. त्या वेळी जो तो आपापल्या पद्धतीने संगणक बांधत होता. प्रत्येकाचा पडदा, कळफलक, डिस्क वेगळी. दर यंत्रासाठी सगळे सॉफ्टवेअर नव्याने बदलायचे तर जन्म पुरला नसता. इम्साय या कंपनीला सीपी/एम हवे होते, त्या निमित्ताने किल्डॉल यांनी प्रणालीचे दोन भाग वेगळे काढले. मोठा भाग सर्व यंत्रांसाठी सारखा. यंत्रागणिक बदलणाऱ्या बाबी एका छोट्या भागात गोळा केल्या आणि त्याला त्यांनी बायोस हे नाव दिले. बायोस म्हणजे दुभाष्याच. मालक एकाच भाषेत सांगणार, दुभाष्या समोरच्या यंत्राच्या भाषेत ते करून घेणार. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत या दुभाष्याला अवघी १७ कामे होती: कळफलकावरचे अक्षर वाचणे, पडद्यावर अक्षर दाखवणे, डिस्कवरचा तुकडा वाचणे वगैरे.

या विभागणीमुळे सॉफ्टवेअरचा खुला बाजार उभा राहिला. वर्डस्टार, डीबेस यांसारखे प्रोग्राम एकदा लिहायचे आणि शेकडो प्रकारच्या संगणकांवर विकायचे, हे शक्य झाले. १९८१ पर्यंत सुमारे तीन हजार संगणक-प्रकारांवर सीपी/एम चालत होते. ब्राउझरमध्ये सीपी/एम इतक्या सहज उतरते, त्याचेही हेच कारण. एम्युलेटर लिहिणाऱ्याने चिपची नक्कल करायची आणि ती १७ कामे करून द्यायची. बाकीची प्रणाली १९७९ मध्ये होती तशीच्या तशी चालते. ब्राउझर हे तिच्या दृष्टीने आणखी एक नवे यंत्र.

आता ती विमानाची गोष्ट. १९८० मध्ये आयबीएम आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर घाईने बांधत होती. प्रणालीसाठी ते आधी मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि बिल गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांचा पत्ता दिला. आयबीएमची मंडळी पॅसिफिक ग्रोव्हला आली त्या दिवशी किल्डॉल विमान घेऊन एका जुन्या ग्राहकाला, बिल गॉडबाउट यांना, सॉफ्टवेअर पोचवायला गेले होते. ते कामासाठीचे उड्डाण होते. करारांचे काम नेहमीप्रमाणे डोरोथींकडे होते. आयबीएमने पुढे केलेला गोपनीयतेचा करार एकतर्फी वाटल्याने त्यांनी सही करायला नकार दिला. दुपारी किल्डॉल परतले. पुढे कोण काय बोलले याविषयी दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत, पण व्यवहार झाला नाही, हे खरे.

दरम्यान सिएटलमधील टिम पॅटरसन यांनी इंटेलच्या नव्या चिपसाठी सीपी/एमच्या धर्तीवर एक प्रणाली लिहिली होती. सीपी/एमचे प्रोग्राम तिच्यावर सहज आणता यावेत, असा त्यात हेतू होता. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेऊन आयबीएमला पुरवली. किल्डॉल यांनी आक्षेप घेतला तेव्हा आयबीएमने दोन्ही प्रणाली विकायचे कबूल केले. दुकानात मात्र डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एमची नवी आवृत्ती २४० डॉलरला. गिऱ्हाइकाने काय उचलले असेल, हे सांगायला नको.

किल्डॉल यानंतर हात बांधून बसले नाहीत. १९८३ पासून सुमारे सात वर्षे ते अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या कार्यक्रमात सहसूत्रधार होते. बाजारात आलेले नवे यंत्र, मग ते प्रतिस्पर्ध्याचे का असेना, ते शांतपणे समजावून सांगत. सीडी-रॉमवर माहिती साठवण्याचे तंत्र त्यांनी नव्या कंपनीतून विकसित केले आणि १९८५ मध्ये ग्रोलियरचा संपूर्ण विश्वकोश एका चकतीवर आणला. डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने विकत घेतली.

पैसा पुष्कळ मिळाला होता. तरी ती विमानाची गोष्ट पाठ सोडत नव्हती. १९९२ मध्ये त्यांच्याच विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने वर्धापनदिनाला त्यांना बोलावले, पण मुख्य भाषण दिले बिल गेट्स यांना. हा घाव जिव्हारी लागला आणि त्यांनी आत्मकथन लिहायला घेतले. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. अखेरच्या वर्षांत ते मद्याच्या व्यसनाशी झुंजत होते, हे पुढे त्यांच्या मुलांनीच मोकळेपणाने सांगितले. जुलै १९९४ मध्ये माँटेरेतील एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला मार लागला. नेमके काय घडले, हे कधी स्पष्ट झाले नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला, वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या कामाची नोंद सावकाश झाली. पॅसिफिक ग्रोव्हमधील त्या जुन्या घरासमोर २०१४ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने स्मृतिफलक बसवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर खुला केला. आत्मकथनाचा पहिला भाग २०१६ मध्ये वाचकांपुढे आला. सीपी/एमचे हक्क फिरत फिरत ज्यांच्याकडे आले, त्या ब्रायन स्पार्क्स यांनी २००१ मध्ये तिच्या वापराला परवानगी दिली होती. तिच्या शब्दांवरून राहिलेली शंका त्यांनी २०२२ मध्ये दूर केली. आता कोणीही ही प्रणाली वापरू शकतो, वाटू शकतो, बदलू शकतो.

ही परवानगी छोटी बाब नाही. हक्कांच्या कुलपात अडकलेल्या आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे पुसट होत चाललेल्या कितीतरी जुन्या प्रणाली आहेत. त्या वेळेत उतरवून घेतल्या नाहीत तर मागे फक्त त्यांच्याविषयीच्या कहाण्या उरतील, आणि कहाणी किती अपुरी असते हे किल्डॉल यांच्या आयुष्याने दाखवलेच आहे. सीपी/एम मात्र चालवून पाहता येते. काही किलोबाइटची ही प्रणाली ६४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात किती नेटका संसार करत होती, ते 'डीआयआर' टाइप करताच समोर येते.