धांवपटूंचे आश्रयदाते : सर दोराबजी टाटा

प्रतिवर्षीं आमच्या शाळेचे वार्षिक खेळ होतात, तेव्हां मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, पालक मंडळी मांडवांत येऊन बसतात आणि शिट्टी होतांच मुलें जिवाच्या करारानें धांवूं लागतात. जो पहिला येतो त्यास बक्षीस मिळतें, टाळ्याही मिळतात. परंतु समारंभ आटोपून घरीं परततांना आमच्या मनांत एक विचार नेहमीं येतो. या मुलाच्या पायांत जो वेग आहे त्याचें पुढें काय होणार? त्यास पोटभर सकस अन्न कोण देईल? धांवण्याचें शास्त्र शिकविणारा गुरु कोठून मिळेल? दूरच्या सामन्यास जावयाचें भाडें कोण भरील? बुद्धिमान विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति द्यावी, हें सर्वांस पटतें. परंतु चपळ पायांच्या गरीब मुलासही तशाच मदतीच्या हाताची गरज असते, हें ओळखणारे लोक थोडे. ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यानें हें शंभर वर्षांपूर्वींच ओळखिलें होतें, आणि नुसतें ओळखून तो स्वस्थ बसला नाहीं.

दोराबजी टाटा यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजीं मुंबईंत झाला. हिंदी उद्योगधंद्यांचे जनक म्हणून ज्यांची ख्याति आहे ते जमशेटजी नसरवानजी टाटा हे त्यांचे वडील, व हिराबाई या त्यांच्या मातोश्री. मुंबईंत शालेय शिक्षण झाल्यावर १८७५ सालीं ते इंग्लंडास गेले, आणि १८७७ मध्यें केंब्रिज विद्यापीठांतील गॉनव्हिल अँड कीज कॉलेजांत दाखल झाले. तेथें दोन वर्षें त्यांनीं पुस्तकांइतकीच मैदानाचीही उपासना केली. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, नौकानयन व घोड्यावर बसणें, या सर्वांत त्यांस गति होती व त्यांनीं बक्षिसेंही मिळविलीं. १८७९ सालीं स्वदेशीं परतून त्यांनीं सेंट झेवियर्स कॉलेजांत अभ्यास केला व १८८२ मध्यें ते पदवीधर झाले. खेळामुळें अभ्यास बुडतो, अशी ज्या पालकांची समजूत आहे त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

पदवीनंतर दोन वर्षें त्यांनीं मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रांत काम केलें, व १८८४ पासून ते वडिलांच्या व्यापारांत शिरले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें त्यांनीं धंद्याचें शिक्षण घेतलें. १९०४ सालीं जमशेटजी वारले, तेव्हां त्यांचे मोठमोठे संकल्प अपुरेच राहिले होते. ते सर्व दोराबजींनीं एकामागून एक तडीस नेले. १९०७ मध्यें पोलादाची कंपनी निघाली, १९१० मध्यें आपल्या सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज काढणारी कंपनी स्थापन झाली, आणि बंगळूरची विज्ञानसंस्थाही उभी राहिली. १९१० सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. या उद्योगांचा इतिहास मोठा आहे. परंतु तो अन्यत्र पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतो. आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट निराळी आहे, आणि ती पुण्यास घडली.

जमशेटजींनीं १८९२ सालीं एक निधि काढून हुशार तरुणांस परदेशीं उच्च शिक्षणासाठीं कर्जरूपानें साहाय्य देण्याची सोय केली होती. गुणी तरुणास पैशाच्या अभावीं अडून राहूं द्यावयाचें नाहीं, हा धडा दोराबजींनीं अशा रीतीनें घरींच घेतलेला होता. पुढें १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें त्यांस आपलें अध्यक्षपद दिलें, आणि तेथील मैदानी सामने पाहाण्याचा योग त्यांस आला.

त्या सामन्यांत त्यांनीं काय पाहिलें? धांवावयास आलेले बहुतेक तरुण शेतकरी घरचे होते. दिवसभर रानांत राबावें व साधी भाजीभाकर खावी, एवढेंच त्यांस ठाऊक. युरोपांतील नियम त्यांस माहीत नव्हते, आणि शिक्षण देणारा तर कोणीच नव्हता. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेंत धांवावयाची असते, हेंही व्यवस्थापकांच्या लक्षांत आलें नव्हतें; ती वळणावरून धांवविण्याचा बेत चालला होता. परंतु सर्वांत लोकप्रिय शर्यत होती ती सुमारें पंचवीस मैलांची. खडीच्या कठीण रस्त्यावरून हे गडी अनवाणी धांवत गेले, आणि त्यांस लागलेला वेळ युरोपांतील नामांकित धांवपटूंच्या वेळेच्या जवळपास आला!

असें दृश्य पाहून बहुतेक श्रीमंत पाहुण्यांनीं काय केलें असतें? चार शब्द कौतुकाचे बोलून, एखादा रुपेरी पेला देऊन ते घरीं गेले असते. दोराबजींच्या मनांत मात्र असें आलें कीं, या मुलांस योग्य अन्न, योग्य शिक्षण व योग्य संधि मिळाल्यास जगाच्या मैदानावर तीं मागें राहाणार नाहींत. महायुद्धामुळें खंड पडलेले ऑलिंपिक सामने १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं व्हावयाचे होते. हिंदुस्थानानें तोंपर्यंत तेथें आपला संघ कधीं पाठविला नव्हता. दोराबजींनीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढें ही कल्पना मांडली, त्यांच्या साहाय्यानें प्रवेशाची परवानगी मिळाली, आणि तीन धांवपटूंचा खर्च दोराबजींनीं स्वतः सोसला. उरलेला पैसा समितीनें इतर मार्गांनीं उभा केला.

त्या पहिल्या संघांत बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगांवचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे चार धांवपटू होते, व कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. बेळगांव-पुण्याच्या वाटा तुडविलेले पाय आतां समुद्र ओलांडून युरोपच्या भूमीवर पडले. आपल्या विद्यार्थ्यांनीं त्या तरुणांची मनःस्थिति क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. परकी भाषा, परकें अन्न, थंड हवा, आणि भोंवतीं वर्षानुवर्षें तयारी केलेले प्रतिस्पर्धी!

निकाल काय लागला, तें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. बॅनर्जी व कैकाडी यांस पहिल्या फेरीपुढें जातां आलें नाहीं. ऑगस्टच्या २२ तारखेस मॅरेथॉन शर्यत झाली. ती त्या वर्षीं नेहमींहून लांब, म्हणजे पाऊण किलोमीटर कमी त्रेचाळीस नव्हे, तर बरोबर ४२.७५ किलोमीटरांची होती. दातार यांस ती पुरी करतां आली नाहीं. चौगुले मात्र शेवटपर्यंत धांवले. २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद एवढ्या वेळांत त्यांनीं अंतर कापलें, व त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या कोलेमाइनेनहून ते सुमारें अठरा मिनिटें मागें होते. कुस्तींत शिंदे यांचा चौथा क्रमांक लागला. पदक थोडक्यांत हुकलें. संघ पदकावांचूनच परत आला.

दोराबजींच्या चरित्रांतील खरी परीक्षेची घटका आम्हांस येथें दिसते. पैसा गेला, गाजावाजा झाला, आणि हातांत कांहीं आलें नाहीं. तेव्हां आतां हा नाद पुरे, असें म्हणावयास त्यांस कोणीही दोष दिला नसता. परंतु त्यांनीं अपयशाचा अर्थ निराळा लाविला. दोष मुलांच्या पायांत नसून तयारींत आहे, आणि तयारी तर देशभर झाली पाहिजे, हें त्यांनीं जाणलें. त्याच १९२० सालीं ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. वाय्. एम्. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे व्यायामनिदेशक डॉ. नोहरेन हे त्यांस चिटणीस म्हणून लाभले. मद्रासेस व्यायामशिक्षकांचें विद्यालय काढणारे हॅरी बक हेही या कार्यास मिळाले. प्रांतोप्रांतीं समित्या व्हाव्या, तेथें सामने व्हावे, आणि त्यांतून निवडलेले तरुण पुढें यावे, अशी योजना आंखली गेली. १९२४ च्या फेब्रुवारींत दिल्लीस अखिल हिंदी सामने होऊन पॅरिसच्या ऑलिंपिकसाठीं खेळाडू निवडले गेले, आणि बक हे त्यांचे व्यवस्थापक होऊन गेले. १९२७ सालीं इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली; तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. १९२४ सालीं त्यांच्या पोलादाच्या कंपनीवर मोठें संकट कोसळलें होतें. परदेशचें स्वस्त पोलाद बाजारांत आलें, आणि कामगारांचे पगार भागविण्याची पंचाईत पडली. तेव्हां दोराबजींनीं आपली खाजगी मालमत्ता व पत्नी मेहेरबाई यांचे दागिने बँकेकडे तारण ठेवून सुमारें एक कोटीचें कर्ज उभें केलें. त्या दागिन्यांत कोहिनूराहून दुप्पट मोठा असा ज्युबिली हिराही होता. कंपनी वांचली. ज्या वर्षीं स्वतःचें सर्वस्व पणास लागलें होतें, त्याच वर्षीं धांवपटूंचें कामही चालूच राहिलें, याचें आम्हांस विशेष वाटतें. दान हें सुबत्तेचेंच काम आहे, असें त्यांनीं मानिलें नाहीं.

१९३१ च्या जूनमध्यें मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांस मूल नव्हतें. दोराबजींनीं १९३२ सालीं पत्नीच्या स्मरणार्थ त्या रोगाच्या संशोधनासाठीं एक निधि स्थापिला, आणि आपली बहुतेक सर्व संपत्ति विश्वस्तांच्या स्वाधीन केली. पत्नीच्या थडग्याच्या दर्शनास इंग्लंडास जावयास निघाले असतां, वाटेंत जर्मनींतील बाड किसिंगेन येथें ३ जून १९३२ रोजीं त्यांचा अंत झाला. इंग्लंडांत ब्रुकवुड येथें दोघेही शेजारीं शेजारीं विसावा घेत आहेत. त्यांच्या विश्वस्तनिधीच्या साहाय्यानें पुढें मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, व विद्येच्याही मोठ्या संस्था उभ्या राहिल्या.

विद्यार्थिमित्रहो, चौगुले यांचा एकोणिसावा क्रमांक आज फार थोड्यांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्यामागून जे शेंकडों हिंदी धांवपटू ऑलिंपिकच्या मैदानावर उतरले, त्यांची वाट त्या अनवाणी पायांनीं व एका जाणत्या दात्यानें मोकळी केली. तुमच्यापैकीं कोणी वेगानें धांवत असेल, तर त्यानें नेटानें सराव करावा, व पहिल्या अपयशानें खचूं नये. पालकांसही आमची विनंति आहे. शेजारच्या गरीब घरांतील एखादा मुलगा अगर मुलगी चपळ दिसली, तर पुढच्या सामन्याचें भाडें, एक बुटांचा जोड, रोजचें शेरभर दूध, यांतील जें आपणांस झेपेल तें त्या मुलासाठीं करावें. दोराबजींच्या हातीं कोट्यवधि रुपये होते, हें खरें. परंतु पुण्याच्या मैदानावर त्यांनीं प्रथम जें केलें, तें धांवणाऱ्या मुलाकडे नीट पाहाण्याचें काम होतें, आणि तेवढें करावयास आपणांपैकीं कोणासही पैसा लागत नाहीं.