ज्यांना स्वतःचं नाव आवडायचं नाही, त्यांच्याच नावाने प्रोग्रामिंगची भाषा आली

करी म्हटलं की आपल्याला ताटातला रस्सा आठवतो. प्रोग्रामरला मात्र एक गणितज्ञ आठवतो, हॅस्केल करी.

करींचा जन्म १२ सप्टेंबर १९०० चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. १९१६ साली ते हार्वर्डला गेले डॉक्टर व्हायला, पण पदवी घेतली गणिताची. १९३० मध्ये जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे कित्येक वर्षं त्यांनी पेन्सिल्व्हेनियात शिकवलं.

त्यांना सगळं तर्कशास्त्र मोजक्या साध्या फंक्शनांवर उभं करायचं होतं. फंक्शन म्हणजे पिठाच्या गिरणीसारखं. गहू टाका, पीठ घ्या. १९३४ मध्ये त्यांनी या फंक्शनांवर जणू पाटीच लावली. आत काय चालतं आणि बाहेर काय येतं, याची पाटी. टाइप म्हणतात तो हाच.

पण १९३५ मध्ये दणका बसला. क्लीनी आणि रॉसर या दोन तरुण गणितज्ञांनी सिद्ध केलं, की करींच्या मूळ मांडणीतच विसंगती आहे. म्हणजे तिच्यातून खोटी गोष्टही खरी ठरवता येते. अनेक वर्षांच्या कामाचा पायाच हलला.

करींनी मात्र विषय सोडला नाही. तडा नेमका कुठे गेलाय, हेच ते शोधत राहिले. १९४२ मध्ये त्यांनी तशीच विसंगती आणखी सोप्या रूपात मांडली. आज तिला करीचा विरोधाभास म्हणतात. दुखणं असं होतं, की फंक्शनला काहीही खायला घालता येत होतं, अगदी स्वतःलासुद्धा. पाटी असली की हे दारातच अडतं.

याचा आपल्याशी काय संबंध? कर्जतच्या दहिवलीतलं एखादं किराणा दुकान घ्या. गिऱ्हाईक पैसे देतं रोख किंवा यूपीआयने. प्रोग्राममध्ये हे 'किंवा' लिहायची सोय म्हणजे युनियन टाइप. रोख असेल तर सोबत रुपयांचा आकडा, यूपीआय असेल तर व्यवहाराचा क्रमांक. आता चुकून हा क्रमांकच गल्ल्याच्या बेरजेत गेला तर? टाइप तपासणारी भाषा प्रोग्राम चालू व्हायच्या आधीच अडवते. यूपीआयचा हिशेब लिहायचाच राहिला, तर तसा इशाराही देऊ शकते. युनियन टाइप करींनी शोधला नाही, पण या तपासणीमागचा विचार त्यांच्याच वाटेवरचा आहे.

१ सप्टेंबर १९८२ ला करी गेले. काही वर्षांनी संशोधकांच्या एका गटाने नवी फंक्शनल भाषा घडवायला घेतली आणि तिला नाव दिलं हॅस्केल. १९९० मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. या नावासाठी गटातले दोघं करींच्या पत्नी व्हर्जिनिया यांना भेटले होते. निघताना त्यांनी सांगितलं, की करींना हॅस्केल हे नाव कधी आवडलंच नव्हतं.

तरी नाव तेच राहिलं. पुढे 'करी' नावाचीही एक भाषा आली.