उद्योगवीर शेठ वालचंद हिराचंद

बारामतीहून इंदापूर तालुक्यांत शिरल्यावर कळंबच्या शिवारांत वालचंदनगर लागतें. तेथील ऊंसाचे मळे व यंत्रांचा कारखाना आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्यांच्या नांवानें ही वसाहत ओळखली जाते ते शेठ वालचंद हिराचंद मोटारींचेही कारखानदार होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

त्यांचा जन्म सोलापुरांतील एका जैन व्यापारी कुटुंबांत २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाला. मुंबईस व पुण्यास कॉलेजांत जाऊनही शिक्षण अपुरेंच राहिलें. घरच्या व्यापारांत मन रमेना. तेव्हां रेल्वेंतील कारकुनी सोडलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशीं भागी करून त्यांनीं बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला. पुढें बोरघाटांतील बोगदे, १९१९ सालीं सिंदिया कंपनीचें लॉयल्टी जहाज, नीरेच्या कालव्याखालीं आपल्या शेजारची ही वसाहत, १९४० सालीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना, अशी त्यांची झेप वाढत गेली. यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. येथें मोटारीविषयींच सांगावयाचें आहे.

१९३९ सालीं ते अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशीं बोलणें जमलें नाहीं. क्रायस्लर कंपनीशीं १९४० सालीं करार झाला. परंतु महायुद्ध चालू होतें, आणि या उद्योगास युद्धोपयोगी मानून साह्य करण्याचें त्या वेळच्या सरकारनें नाकारलें. दुसरा एखादा येथेंच थांबला असता. शेठजींनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली, व १९४७ सालीं मुंबईंत कुर्ल्यास डॉज व प्लिमथ गाड्या तयार होऊं लागल्या. तयार म्हणजे काय, तर परदेशांतून आलेले सुटे भाग येथें जोडले जात. जोडणें निराळें व घडविणें निराळें. हा भेद समजण्यास मोटारीचा एक लहानसा भाग पाहूं.

त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत थंडीसाठीं हीटर पुष्कळदां बसवीत. इंदापूरच्या उन्हांत त्याचें हसूं येईल, हें खरें. तरी इंजिन फार तापलें असतां हीटर उघडल्यानें तेवढीच उष्णता कमी होते! त्याचा मुख्य भाग म्हणजे पत्र्याच्या पेटींतील बारीक नळ्यांचें जाळें, एक छोटा रेडिएटरच. इंजिनानें तापलेलें पाणी त्यांतून फिरतें, व पंख्याची हवा त्याची ऊब घेऊन गाडींत येते. पायांखालचा गालिचा ओला होऊं लागला, समोरच्या कांचेवर वाफ धरूं लागली, कीं जाळें गळत असावें. मात्र आधीं रबरी नळ्या तपासाव्या. पुष्कळदां दोष तेथेंच असतो. एक नळी गरम व दुसरी थंड राहिली तर जाळें तुंबलेलें असतें, किंवा पाण्याची तोटी बंद असते. इंजिन पूर्ण निवल्यावर पाणी काढून टाकावें, नळ्यांचे पट्टे सैल करून पेटी उतरवावी, आणि जाळ्याचें एक तोंड बंद करून व तें पाण्यांत बुडवून दुसऱ्या तोंडानें हलकी हवा भरावी. बुडबुडे येतील तेथें भोंक. तांब्यापितळेचें जाळें झाळतां येतें; फारच कुजलें असेल तर नवें बसवावें लागतें. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वींच्या गाडीचें जाळें सहसा दुकानांत मिळत नाहीं. मापें घेऊन तें घडविणारा कारागीर जवळ असेल तर काम होतें. नसेल तर दोन्ही नळ्या परस्पर जोडून हीटरवांचूनच गाडी हांकावी लागते.

असे शेंकडों भाग एका गाडींत असतात. ते हळूहळू येथेंच घडावेत, हा कुर्ल्याच्या कारखान्याचा हेतु होता. शेठजींना मात्र आयुष्य पुरलें नाहीं. १९४९ सालीं त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि ८ एप्रिल १९५३ रोजीं गुजरातेंत सिद्धपूर येथें त्यांचें निधन झालें. कुर्ल्यास फियाट ११०० गाडी निघूं लागली ती १९५४ सालीं. तिच्याच वंशांतील काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ सालापर्यंत धांवत होत्या.