नर्मदातीरी नगर वसविणारी माउली

वारकरी मंडळी, फुलसावंगीकडून पंढरीस जाणाऱ्या आम्हां लोकांस चंद्रभागेजवळचा होळकर वाडा ठाऊक आहे. तेथील रामरायापुढे आम्ही हात जोडतो. तो वाडा बांधणाऱ्या बाईने दूर नर्मदेकाठी आख्खे नगर कसे भरभराटीस आणिले, ते आज थोडक्यात सांगतो.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, सीना नदीकाठच्या चौंडी गावी, माणकोजी शिंद्यांच्या घरी. मल्हारराव होळकरांची सून होऊन त्या माळव्यात गेल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. बाई सती जाण्यास निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने पदर पसरला, तेव्हा थांबल्या. १७६६ त मल्हारराव गेले, वर्षभरात एकुलता पुत्र मालेरावही गेला. घर ओस पडले, पण रयत तर होतीच! फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे सोपवून बाईंनी कारभार स्वतः हाती घेतला आणि गादी महेश्वरास नेली.

महेश्वर हे क्षेत्र जुनेच. पण नुसत्या तीर्थाने पोट भरते थोडेच? बाईंनी नदीला दगडी घाट बांधिले, देवळे उभारली आणि बाहेरगावचे विणकर आणून तेथे वसविले. हाताला काम मिळाले, पेठ भरली, निमाडचा तो सारा मुलूख नांदू लागला. त्या मागांवरची महेश्वरी लुगडी आपल्या लेकीबाळी अजून हौसेने नेसतात, बरं का!

रोज पार्थिव शिवलिंगांची पूजा करावी आणि मग रयतेची गाऱ्हाणी ऐकावी, असा बाईंचा नेम. काशीविश्वनाथाचे व सोमनाथाचे देऊळ पुन्हा उभारिले, गयेस विष्णुपद मंदिर बांधिले. दानधर्म चाले तो खासगीच्या उत्पन्नातून.

देवाने तरीही परीक्षा सोडली नाही. नातू गेला, १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आता पदर पसरण्याची पाळी आईची होती. लेक थांबली नाही. नर्मदेकाठी ती चिता आईने डोळ्यांनी पाहिली. त्यानंतरही जवळजवळ चार वर्षे बाईंनी राज्य सांभाळिले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरीच देह ठेविला.

चौंडी ज्या अहमदनगर जिल्ह्यात, त्यास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. आम्हांस मात्र वाटते, सासऱ्याचा तो एक शब्द बाईंनी मानला नसता, तर महेश्वरचे घाट कोणी बांधिले असते? पुढल्या वारीस होळकर वाड्यात गेलात, म्हणजे घटकाभर बसा आणि या माउलीस आठवा.

राम कृष्ण हरि!