विनोबा १३ वर्षं पायी फिरले आणि मग गाडीत बसले.. तेव्हा भूदानाचं काय झालं?

आषाढी जवळ आली की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडमधले लोक पंढरपूरच्या वाटेला लागतात. हे संत जनाबाईंचं गाव. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखीही परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे जाते. गंगाखेडला रेल्वे स्टेशन आहे, एसटी स्टँड आहे, आता तर घरोघरी मोटारसायकल आहे. तरी वारीला जायचं म्हणजे पायीच, हे ठरलेलं. गाडीने पंढरपूर काही तासांत येतं, मग एवढे दिवस चालायचं कशाला, असा प्रश्न वारीबाहेरच्या माणसाला पडतोच.

हाच प्रश्न आचार्य विनोबा भावेंना साऱ्या देशाने विचारला होता. त्यांनी तेरा वर्षं चालून त्याचं उत्तर दिलं. पुढे मात्र तेही गाडीत बसले. या दोन्ही प्रवासांमधून हाती काय लागलं, ते बघण्यासारखं आहे.

विनोबांचं मूळ नाव विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, त्यामुळे शिक्षण तिकडे झालं. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईला निघाले, पण सुरतेलाच उतरले आणि थेट काशीची वाट धरली. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. विनोबा तिथलेच झाले.

पण लगेच त्यांनी वर्षभराची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृतचा अभ्यास केला आणि उरलेल्या वेळात महाराष्ट्रात पायी भटकंती केली. वर्ष संपताच ते आश्रमात परत हजर झाले. म्हणजे चालणं त्यांना नवं नव्हतं. भूदानाच्या आधी तीसहून जास्त वर्षं ही सवय लागलेली होती.

१९२१ मध्ये ते वर्ध्याला आले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली. एवढं असूनही स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सामान्य माणसाला हे नाव फारसं माहीत नव्हतं. ते घरोघरी पोहोचलं १९५१ नंतर, आणि त्याची सुरुवात झाली एका संमेलनाला कसं जायचं या साध्या गोष्टीवरून.

हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली इथे एप्रिल १९५१ मध्ये सर्वोदय संमेलन भरणार होतं. विनोबा वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात होते. अंतर सुमारे ३०० मैल. वर्ध्याहून हैदराबादच्या दिशेला रेल्वे होती. पण विनोबांनी पायी जायचं ठरवलं. वय ५५, तब्येत आधीपासून तोळामासा. मार्चमध्ये ते निघाले आणि गावोगाव मुक्काम करत संमेलनाला पोहोचले.

तेव्हाचं हैदराबाद राज्य कसं होतं, हे गंगाखेडच्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. परभणी जिल्हा त्याच राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, पण याच राज्याच्या तेलंगण भागात जमिनीचा प्रश्न पेटलेलाच होता. एकीकडे हजारो एकरांचे जमीनदार, दुसरीकडे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली हत्यार उचललेले शेतकरी, आणि मधोमध सरकारी फौजफाटा. अशा भागात संमेलनानंतर विनोबा चालत शिरले.

१८ एप्रिल १९५१. नलगोंडा जिल्ह्यातलं पोचमपल्ली गाव. तिथल्या ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडे स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती. सरकारकडे अर्ज करण्याआधी गावातलंच कोणी देऊ शकेल का, असं त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं. त्यावर वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर द्यायला तयार झाले. भूदान चळवळ इथे सुरू झाली. पुढच्या गावात विनोबांनी तीच मागणी केली, तिथेही जमीन मिळाली. तेलंगणातल्या या फेरीत बारा हजार एकरांच्या वर जमीन मिळाली.

बातमी दिल्लीपर्यंत गेली. नियोजन आयोगाशी चर्चा करायला या, असं पंतप्रधान नेहरूंनी बोलावणं पाठवलं. विनोबांनी यायचं कबूल केलं, पण पायी. सप्टेंबर १९५१ मध्ये ते पवनारहून निघाले आणि सुमारे ८०० मैल चालून नोव्हेंबरमध्ये दिल्लीला पोहोचले. विमानाने काही तासांत होणाऱ्या प्रवासाला दोन महिने लागले. पण त्या दोन महिन्यांत वाटेतल्या गावांनी हजारो एकर जमीन दिली. विमानाने गेले असते तर ही गावं त्यांना फक्त वरून दिसली असती.

यानंतर पदयात्रा हेच विनोबांचं आयुष्य झालं. पहाटे तीनच्या सुमारास उठायचं, अंधारातच कंदील घेऊन निघायचं, रोज दहा-बारा मैल चालून पुढचं गाव गाठायचं. दिवसभर लोकांना भेटायचं, संध्याकाळी प्रार्थना आणि सभा, रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मागणी ठरलेली होती. पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि जमिनीचा सहावा हिस्सा गरिबांसाठी द्या.

चालण्याने हे मागणं सोपं का व्हायचं? एक म्हणजे पायी येणारा माणूस कुणाचंच गाव वगळत नाही. डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथे गाडी थांबते आणि भूमिहीन माणूस बहुतेक वेळा त्याच्या पुढेच राहत असतो. दुसरं म्हणजे पाय सुजलेला, धुळीने माखलेला साठीचा म्हातारा दारात आला की जमीनदारालाही त्याला नुसतं निवेदन घेऊन वाटेला लावणं जमत नाही. आणि तिसरं, विनोबा गावात येण्याआधी त्यांची बातमी येऊन पोहोचायची. ते उद्या येणार म्हणून गावात आज रात्रीच चर्चा व्हायची.

या चालण्याची किंमतही त्यांनी मोजली. १९५२ च्या अखेरीस बिहारमध्ये चांडिल इथे त्यांना जबर मलेरिया झाला. १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात दलितांना सोबत घेऊन गेल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये पंढरपुरात नेमकं उलट घडलं. सर्वोदय संमेलनाच्या निमित्ताने विनोबा तिथे पोहोचले, तेव्हा मंदिराच्या लोकांनीच त्यांना बोलावलं आणि वेगवेगळ्या जातिधर्माच्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी विठोबाचं दर्शन घेतलं. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातूनही चालत गेले आणि तिथेही जमीन मिळाली.

एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले. तोवर पन्नास हजार किलोमीटरहून जास्त चालणं झालं होतं आणि भूदानाचा आकडा चाळीस लाख एकरांच्या पुढे गेला होता.

गाडीचा भाग सुरू होतो १९६५ पासून. विनोबा सत्तर वर्षांचे झाले होते, शरीर थकलं होतं. दरम्यान भूदानाचं ग्रामदान झालं होतं. म्हणजे एकेकट्याने तुकडा देण्याऐवजी अख्ख्या गावाने जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवायची. उत्तर प्रदेशातल्या मंगरौठ गावाने १९५२ मध्येच याची सुरुवात केली होती. आता त्याच्या अटी सोप्या करण्यात आल्या. जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा, बाकीची कसणाऱ्याकडेच राहणार. आणि बिहारमध्ये तूफान यात्रा सुरू झाली, ती मोटारीने.

वेग वाढला तसे आकडेही वाढले. आधी गाव, मग गट, मग जिल्हा दानात जाहीर होऊ लागला. १९६९ मध्ये तर अख्ख्या बिहारचं दान जाहीर झालं. देशभरातल्या ग्रामदानांची संख्या लाखाच्या पुढे गेली. तेरा वर्षं चालून जे झालं नव्हतं, ते मोटारीने चार वर्षांत झालं, असं वाटायला लागलं.

पण १९७० मध्ये जयप्रकाश नारायण मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या मुसहरी भागात गावोगाव जाऊन राहिले, तेव्हा चित्र वेगळं निघालं. कागदावर सह्या आणि अंगठे होते, मालकी मात्र बहुतेक ठिकाणी जागची हललेली नव्हती. सही घेणारे कार्यकर्ते पुढच्या गावाला गेले होते आणि गावात पुन्हा कुणी फिरकलं नव्हतं.

सगळा दोष मोटारीच्या माथी मारणंही बरोबर नाही. पायी मिळवलेल्या जमिनीतलीही बरीचशी कधी वाटलीच गेली नाही. काही खडकाळ होती, काही वादातली, काहींच्या वारसांनी दान नाकारलं. कारण चालणारे विनोबाही दुसऱ्या दिवशी पहाटे गाव सोडायचे. चालण्याने माणसाचं मन वळायचं, पण सातबारा बदलायला तलाठ्याकडे पन्नास हेलपाटे घालणारा कुणीतरी मागे राहायला हवा होता. तो थोड्याच गावांना मिळाला. मोटारीने झालं असं, की मन वळायला लागणारा वेळही गेला आणि फक्त आकडा उरला.

विनोबांनी १९७० मध्ये प्रवासच थांबवला आणि पवनारमध्ये कायमचा मुक्काम केला. १५ नोव्हेंबर १९८२ ला अन्न, पाणी, औषध सोडून त्यांनी तिथेच देह ठेवला. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

ग्रामदानाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. महाराष्ट्राने १९६४ मध्ये केलेला ग्रामदान कायदा वर्षानुवर्षं जवळपास पडूनच होता. तो २०१३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने वापरला आणि आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावावर करायचं ठरवलं. या गावात निर्णय बहुमताने होत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत चर्चा चालते, मग तिला कितीही बैठका लागोत.

तिथे विनोबांची मोटार कधी गेली नव्हती. पण पायी चालणाऱ्या विनोबांची जी पद्धत होती, प्रत्येक दाराशी थांबायची आणि वेळ द्यायची, तीच त्या गावाने स्वतःपुरती चालवली. फरक इतकाच, की तिथे विचारणारे दुसऱ्या दिवशी गाव सोडून जाणारे नव्हते.