सायकलवाले लक्ष्मणराव

रविवारी पहाटे पावणेसहाला मी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅककडे फिरायला निघतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी सात-आठ सायकली भिंतीला टेकून उभ्या असतात. सायकली म्हणायच्या, पण आमच्या ओळखीच्या नव्हेत. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, टायर जाडजूड आणि दाणेदार, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही. मालक मंडळी चहाचे घोट घेत एकमेकांच्या सायकली पाहत असतात. एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, ब्रेकची चकती न्याहाळायची, किंमत विचारायची आणि उत्तर ऐकून शीळ घालायची, असा सगळा सोहळा. लग्नघरात बायका एकमेकींच्या पैठणीचा पदर उलटून पाहतात, त्यातलाच प्रकार. मला याचा राग येत असे. त्याचे कारण, त्या घोळक्यात आमचे धाकटे चिरंजीवही असतात.

या सायकलींना ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्ता संपला की साधी शर्यतीची सायकल गप्प बसते. ही तिथून पुढे बोलू लागते. तिची थोरली बहीण सायक्लोक्रॉस. तिचा जन्म युरोपातल्या हिवाळ्यातला. चिखलाने भरलेल्या आखूड वाटेवर तासभर फेऱ्या मारायच्या, आडवी फळी आली की उतरायचे, सायकल खांद्यावर टाकून पळायचे आणि पुन्हा उडी मारून बसायचे, असा तो खेळ. फ्रान्समध्ये त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९०२ सालीच झाली. आमच्या लहानपणी नाल्याला पाणी आले की दूधवाला हेच करी, पण त्याला कोणी पदक दिले नाही. ग्रॅव्हलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र अगदी अलीकडची, २०२२ सालची. नाशिकला सायकलचे वेड तसे नवे नाही. आमच्याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पुरी केली, तेव्हापासून तर घरोघरी हेल्मेटे आली.

ही मंडळी टपरीवरून निघतात ती पाथर्डी गावाकडे, तिथून वडनेर दुमाल्याच्या बाजूला, वालदेवीच्या काठाने, शेतांमधल्या मुरमाच्या वाटांनी. नऊच्या सुमारास परततात तेव्हा अंगभर लाल चिखल असतो आणि चेहरे एखादा किल्ला जिंकून आल्यासारखे.

इथवर ठीक होते. पण गेल्या वर्षी चिरंजीवांनी नोकरी सोडली. एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात सात वर्षे काढलेली, बढतीची वेळ आली आणि ती दुसऱ्याच कोणाला मिळाली. महिनाभर घरात अबोला. मग एके दिवशी जेवताना त्याने जाहीर केले की तो इंदिरानगरातच सायकलींचे दुकान काढणार. विक्री, दुरुस्ती आणि शिकवणी. बँकेच्या कर्जाचा अर्जही तयार होता. जामीनदाराच्या जागी फक्त माझी सही हवी होती. सौ. भाजी वाढायची थांबली. मी विचारले की सायकलचे दुकान काढून कोणाचे भले झाले ते सांग. त्यावर त्याने एकच नाव घेतले, किर्लोस्कर, आणि हात धुवायला उठला.

मला तो उद्धटपणा वाटला. जन्मभर कारखान्यात काढलेल्या माणसाला किर्लोस्कर कोणी शिकवावे? पण रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात गेलो आणि पुढला महिनाभर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात वावरलो. खरे सांगायचे तर गेलो होतो ते चिरंजीवाला खोटा पाडायला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच कुळातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शिकावे, शहाणे व्हावे ही त्यांची साधी अपेक्षा. मुलाचे मन मात्र पुस्तकात नव्हते. ते चित्रांत होते आणि यंत्रांत होते. भावांच्या आधाराने १८८५ च्या सुमारास तो मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तिथे एक विचित्र गोष्ट उघडकीला आली. त्याला काही रंग नीट ओळखू येत नव्हते. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळावे, यासारखा दैवाचा फटका नाही. पण काळी रेघ त्याला स्वच्छ दिसत होती. त्याने रंग बाजूला ठेवले आणि यांत्रिक रेखाटन धरले. तेवढ्या बळावर नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत, म्हणजे आपल्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, तो शिक्षक म्हणून लागला.

आणि याच मुंबईच्या दिवसांत त्याला सायकल भेटली. तिचा तो काळ आठवला पाहिजे. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात स्टार्लीने बाजारात आणली ती १८८५ साली. बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते १८८८ साली. म्हणजे वस्तू अगदी कोवळी होती, आणि आपल्याकडे ती साहेबाच्या किंवा एखाद्या धनिकाच्या बुडाखालीच दिसायची. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, मिळवली, चालवायला शिकले. नंतर ते मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवू लागले. रामूअण्णा त्या विकत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म धरतो तो १८८८ हाच. पुढे पंप, इंजिने, यंत्रे किती निघाली, पण मुळाशी आहे ते बेळगावातले सायकलचे दुकान. ज्या रस्त्यावर ते होते त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

त्या सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती असे सांगतात. मी तो आकडा दोनदा वाचला. त्या काळी सामान्य माणसाचा महिन्याचा पगार दोन आकड्यांतच असे. आज आमच्या चिरंजीवाच्या दाणेदार टायरवाल्या सायकलीची किंमत ऐकून मी कपाळाला हात लावतो, पण हिशेब मांडला तर बेळगावची ती सायकल कितीतरी महाग पडेल. अशी वस्तू कोण घेत असेल आणि का? कामासाठी नव्हे. कामाला घोडा होता, टांगा होता. ती घेतली जात होती दिमाखासाठी आणि मौजेसाठी. बेळगावच्या बाजारातून चार लोकांनी वळून पाहावे म्हणून. आपल्याकडचा एक थोर उद्योग उभा राहिला तो हौशी लोकांच्या मिरवण्यावर, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

आणखी एक गंमत माझ्या ध्यानात आली. त्या वेळी डांबरी रस्ता होता कुठे? बेळगावचे रस्ते मातीचे, मुरमाचे, खडीचे. लाल माती पावसाळ्यात पायाला धरून ठेवणारी. रामूअण्णांनी विकलेली प्रत्येक सायकल खडीवरच धावली. आमची टपरीवरची मंडळी ज्याला नवे म्हणून मिरवतात, ते बेळगावात रोजचेच होते.

पण दुकानाचा खरा आत्मा मला दिसला तो शिकवणीत. सायकल विकत घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. म्हणून ती शिकवायची, आणि त्याचे पंधरा रुपये घ्यायचे. कल्पना करा. पागोटे घातलेला कोणी प्रतिष्ठित गृहस्थ, धोतराचा सोगा वर खोचलेला, तोंड घामाघूम, आणि मागे सीट धरून धावणारा कोणी किर्लोस्कर. माणसाच्या मनातली भीती घालवल्याशिवाय नवी वस्तू विकली जात नाही, हा धडा या भावांनी तिथे गिरवला. पुढे तो त्यांना जन्मभर पुरला.

१८९७ च्या सुमारास व्ही.जे.टी.आय.मध्ये बढतीची वेळ आली, आणि ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. वय अठ्ठावीस. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. हे पान वाचताना मी वाचनालयाच्या खिडकीबाहेर बराच वेळ पाहत बसलो होतो.

तरीही माझ्यातला बाप एवढ्याने विरघळणारा नव्हता. मी तारखा पुन्हा लावल्या. १८८८ आणि १८९७. दुकान निघाल्यावर नऊ वर्षे लक्ष्मणराव पगारावर होते आणि दुकान भाऊ सांभाळत होता. म्हणजे त्यांनी आधी पाया घातला आणि मग शिडी सोडली. हा मुद्दा मी त्याच रात्री चिरंजीवापुढे ठेवला. तो काही बोलला नाही. एक गुण माझ्या खात्यावर जमा झाला, असे मी मानले.

बेळगावात परतल्यावर लक्ष्मणराव सायकलीवर थांबले नाहीत. सायकल दुसऱ्याने बनवलेली, आपण फक्त विकायची, हे त्यांच्या हाताला पटत नसावे. त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले आणि मग १९०३ साली लोखंडी नांगर केला. त्याच वर्षी चिरंजीव शंतनुराव जन्मले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली म्हणतात. दोन वर्षे! घरात तान्हे मूल, आणि अंगणात न खपलेले नांगर. राधाबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, याबद्दल चरित्रकार फार लिहीत नाहीत; आमच्या सौ.ने मात्र पहिला प्रश्न तोच विचारला. नांगर खपले ते शेतात जाऊन, शेतकऱ्याच्या हाती रुमणे देऊन, तास काढून दाखवल्यावर. सायकलीची सीट धरून धावण्याचाच तो प्रकार.

मग घाव आला. बेळगाव नगरपालिकेच्या आदेशाने कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात बांधकामाचे काम करत होते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास महाराष्ट्राला लावला तेच, त्यांनी या माणसाला पारखले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोय केली. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे पहारेकरी नेमले, शिवाशिवीला थारा दिला नाही, आणि शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली काढलेले साधे वार्तापत्र पुढे घरोघरी वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. तो सगळा वेगळ्या लेखाचा विषय आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

औंधच्या राजापाशी मी अडखळलो. लक्ष्मणरावांचा हात होता, भावांची साथ होती, बायकोचा धीर होता. पण त्या वळणावर कोणीतरी त्यांच्यावर पैसे लावले. आणि हेही खरे की त्या काळी सायकलची दुकाने काढून बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. वाचनालयात ती मिळत नाहीत.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी स्कूटर काढून टपरीवरच्या मंडळींच्या मागे गेलो. इंदिरानगरच्या बोगद्यातल्या वाहतुकीची झाक नसलेला तो मुरमाचा रस्ता, दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, आणि एका विहिरीवर जुना पंप. त्यावरचे रंग उडालेले नाव वाचायला चष्मा लागला नाही. मंडळी चिखलात सायकली घालून पोरांसारखी ओरडत होती. बांधावर उभे एक साठीचे शेतकरी बराच वेळ पाहत होते. त्यांनी चिरंजीवाला विचारले, आम्ही बसून पाहू का. चिरंजीवाने त्यांना पायातल्या चपला नीट करायला लावल्या, ब्रेक कुठे ते दाखवले, आणि सीट मागून धरून त्यांच्याबरोबर पळू लागला. बाबा डावीकडे कलंडले, सावरले, पुन्हा कलंडले. शंभरेक पावलांवर त्याने हात सोडला होता. बाबांना ते कळले नव्हते. लाखाच्या वरची ती सायकल एका अनोळखी माणसाच्या ताब्यात पुढच्या वळणापर्यंत गेली, आणि आमचे चिरंजीव गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत हसत उभे होते.

घरी येऊन मी कपाटातला अर्ज काढला. रक्कम खोडून निम्मी केली आणि सही केली. उरलेल्या निम्म्यासाठी त्याने आपला औंधचा राजा शोधावा, असे त्याला सांगितले. सौ. म्हणते, तो राजा तिच्या मुदतठेवीवर डोळा ठेवून आहे.