विश्लेषण : ‘गो’ खेळणाऱ्याने जपानचे पंचांग कसे सुधारले?

जपानमध्ये 1684 पर्यंत चालणारे पंचांग तब्बल आठशे वर्षे जुने आणि चिनी बनावटीचे होते. ते बदलून जपानची स्वतःची कालगणना आणणारे शिबुकावा शुनकाई हे मूळचे ज्योतिर्विद नव्हते, तर पटावरच्या ‘गो’ या खेळाचे व्यावसायिक खेळाडू होते.

शुनकाई कोण होते?

त्यांचा जन्म 1639 मध्ये क्योतो येथे यासुई घराण्यात झाला. महिनाही अधिक होता. शोगुनच्या पदरी असलेल्या ‘गो’च्या चार घराण्यांपैकी हे एक. लहान वयातच वडिलांचे निधन झाले आणि त्यांचे नाव व खेळाडूचे पद मुलाकडे आले. शोगुनसमोरच्या वार्षिक सामन्यांसाठी एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाणे-येणे सुरू झाले. 1670 मध्ये होनिम्बो दोसाकु या बलाढ्य खेळाडूविरुद्ध त्यांनी पहिली सोंगटी पटाच्या बरोबर मध्यभागी ठेवली आणि ते हरले. मात्र एडोच्या वाऱ्यांमुळे त्यांना गणित, खगोल आणि सत्ताधाऱ्यांची ओळख हे तिन्ही मिळाले.

जुन्या पंचांगात चूक काय होती?

जपानची कालगणना आपल्यासारखीच चांद्र-सौर होती. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचे आणि दोघांचा मेळ घालायला अधिक महिना. सूर्याची ठरावीक संक्रमणे ज्या चांद्रमासात येत नाहीत तो अधिक, हा नियमही आपल्या ओळखीचा. त्यासाठी 862 पासून ‘सेनम्यो’ हे तांग राजवटीचे पंचांग वापरात होते. चीनमध्ये ते पुढे अनेकदा बदलले गेले. जपानने मात्र तांग दरबाराकडे दूत पाठवणे थांबवले आणि गणिताचे काम वंशपरंपरेने चालणाऱ्या घराण्यांकडे राहिले. सेनम्योचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा जेमतेम साडेतीन मिनिटांनी मोठे होते. आठशे वर्षांत ही मिनिटे साचून दोन दिवस झाली. पंचांगात लिहिलेली ग्रहणे आकाशात दिसेनाशी झाली.

पहिला प्रयत्न का फसला?

शुनकाई यांनी 1673 मध्ये सम्राटाकडे अर्ज केला. चीनमध्ये युआन काळात को शौचिंग यांनी 1280 च्या सुमारास तयार केलेले ‘जुजी’ पंचांग घ्यावे, अशी मागणी होती. पुरावा म्हणून पुढील तीन वर्षांतील ग्रहणांचे अंदाज जोडले. बहुतेक बरोबर निघाले. पण 1675 मध्ये जुजीच्या गणितात नसलेले सूर्यग्रहण जपानमध्ये दिसले आणि ते जुन्या सेनम्योने वर्तवले होते. प्रस्ताव तिथेच बारगळला.

मग चूक कशी सापडली?

त्यांनी सूर्याच्या सावल्या आणि तारे पुन्हा मोजायला घेतले. दोन कारणे हाती आली. एक म्हणजे जुजीचे गणित चीनच्या राजधानीसाठी होते. क्योतो बीजिंगच्या पूर्वेला सुमारे 19 अंशांवर असल्याने स्थानिक वेळेत सव्वा तासाहून अधिक फरक पडतो आणि ग्रहणाच्या गणितात तो मोठा ठरतो. दुसरे म्हणजे, सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येण्याचा क्षण जुजीने दक्षिणायनाच्या अखेरीस, सर्वांत लहान दिवशी, धरला होता. चारशे वर्षांत तो क्षण पुढे सरकला होता. युरोपीय खगोलाची माहिती देणाऱ्या चिनी ग्रंथाचीही त्यांना मदत झाली. दोन्ही दुरुस्त्या करून त्यांनी क्योतोसाठी नवे पंचांग रचले.

ते स्वीकारले कसे गेले?

1684 च्या आरंभी दरबाराने निर्णय घेतला तो मात्र चीनच्या मिंग पंचांगाच्या बाजूने. शुनकाई यांनी पुन्हा अर्ज केला. दरबारी ज्योतिषी त्सुचिमिकादो यासुतोमी त्यांच्या बाजूने होते. त्याच वर्षाच्या अखेरीस निर्णय फिरला आणि 1685 पासून ‘जोक्यो’ पंचांग लागू झाले. शुनकाई शोगुनचे पहिले अधिकृत खगोलज्ञ बनले. ‘गो’चे पद त्यांनी सोडले. गणिताचा अधिकार क्योतोच्या दरबाराकडून एडोकडे गेला; शुभाशुभाच्या नोंदी तेवढ्या क्योतोकडे राहिल्या.

त्यांच्यानंतर काय झाले?

चिनी नकाशांत नसलेले 61 तारकासमूह त्यांनी नोंदवले. शिबुकावा हे आडनाव त्यांनी 1702 मध्ये घेतले. 1715 मध्ये त्यांचा वारस मुलगा गेला आणि त्याच वर्षी तेही. पुढे क्योतोच्या घराण्याने अधिकार परत मिळवला आणि 1755 मध्ये ‘होरेकी’ पंचांग आणले. त्या पंचांगाला 1763 चे सूर्यग्रहण सांगता आले नाही. पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. 1873 मध्ये जपानने ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली, तोवर पंचांगाची प्रत्येक नवी आवृत्ती आकाशाशी ताडून पाहण्याची सवय मात्र रुजली होती.